मंदाताईंचं खारं पाणी

"तुम्ही घाबरता का कशाले?"

खोल्या पाहायला आलेल्या भाडेकरूला घरमालकिणीने विचारलेला हा पहिला प्रश्न. वर्ध्याहून माझी बदली रायपूरच्या रेल्वे ऑफिसात झाली होती आणि वैशालीला घेऊन मी ब्राह्मणपाऱ्यातल्या एका दुमजली घराच्या दारात उभा होतो. समोर साठी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घातलेल्या बाई. चांगल्या भाडेकरूने काय सांगावं याचा विचार करून मी म्हणालो, "नाही हो, मी तसा कशालाच घाबरत नाही." बाईंचा चेहरा पडला. मग वैशाली म्हणाली, "मी घाबरते. पालीला, विजेला. आणि गॅस बंद केला की नाही हे तीनतीनदा उठून बघते." बाईंनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "यांच्या भरवशावर देऊन राहिली बरं. तुमच्या नाही."

या मंदाताई काळमेघ. माहेर अमरावतीकडचं. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळेत पाणी तपासलं, बॉयलरमध्ये जाणारं पाणी. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा निखिल पुण्याला नोकरीला होता. घरात त्या एकट्या, असं आम्ही धरून चाललो होतो. ते खरं नव्हतं.

पुढच्या खोलीत भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी होती. निळसर उजेडात तिच्यात एक समुद्र उभा होता. मी काचेच्या भांड्यातले मासे पाहिलेला माणूस. हे तसलं नव्हतं. दगडांवर जांभळ्या, हिरव्या, विटकरी फांद्या फुटलेल्या. काही बोटांसारख्या, काही पंख्यासारख्या, आणि त्यांच्यामधून एक हळदीच्या रंगाचा चपटा मासा रुबाबात फिरत होता. रायपूरहून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. इथे तो दारातल्या चपलांपासून पाच पावलांवर होता.

"हे झाड नाही," मी फांद्यांकडे बोट दाखवल्यावर मंदाताई म्हणाल्या. "जनावर हाय. कोरल. पाण्यातून चुन्यासारखं खाते अन् आपलं हाड बांधते. रोज खाते म्हणून पाण्यात रोज कमी होते. तेवढं रोज भरून द्या लागते. कमी झालं तं मरते, जास्त झालं तं मरते. अन् एकदम कमीचं जास्त झालं तं त्याच दिवशी मरते."

"मग एवढं झंझट कशाला आणलंत?"

"मी काहून आणीन? निखिलनं आणलं. त्याले नोकरी लागली, तो गेला. विकायले काढलं होतं त्यानं. घेणारा आला, म्हणे काच घेतो, मोटर घेतो, आतलं नाही घेत. आता जिवंत जीव काय नालीत ओतू? राहिलं मंग माह्या गळ्यात." हे त्या कुरकुरत बोलल्या, पण बोलताना काचेवरचा एक डाग पदराने पुसत होत्या.

सकाळी सहाला त्यांची तपासणी चाले. काचेच्या छोट्या नळीत मोजून टाकीतलं पाणी घ्यायचं, रंगाचं औषध टाकून ते निळं करायचं, आणि मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब सोडत हलवत राहायचं. कुठल्यातरी एका थेंबाला निळं पाणी पिवळं होतं. किती थेंब लागले तो त्या दिवसाचा आकडा. त्याला अल्कलिनिटी म्हणतात. पाण्यातलं कोरलचं अन्न किती उरलं ते त्यावरून कळतं. मंदाताईंच्या टाकीचा आकडा आठ. टाकीखाली सोड्याच्या द्रावणाची बाटली आणि एक लहानसा पंप होता. तो दिवसभर बारीक नळीतून थेंबथेंब द्रावण टाकीत सोडे आणि खाल्लेलं भरून काढी.

वर आमच्या खोल्यांत दाढी करताना मला त्यांचं मोजणं ऐकू येई. "पाच... सहा... सात..." मग सगळं थांबे. इतकं, की माझा वस्तराही गालावर थांबे. "आठ." आणि मग एक मोठा सुस्कारा, जणू कुणाच्या तरी ऑपरेशनमधून डॉक्टर बाहेर आला.

वर्षभर रोज आठच येत होते. एकदा मी म्हटलं, "मंदाताई, रोज तोच आकडा येतो. मग रोज एवढी भीती कशाची?"

"रोज येते म्हणूनच तं भेव. ज्या दिवशी सात येईन त्या दिवशी मी भिणार नाही, कामाले लागीन."

भेव हा त्यांचा आवडता शब्द होता. "पाणी खराब दिसलं तं बरं, माणूस सावध होते. स्वच्छ दिसते म्हणूनच भेव." "भेव गेलं की हात ढिले पडते." ब्राह्मणपाऱ्यातल्या घरांच्या गच्चीवर सकाळी बोट फिरवलं की काळं होतं, कारखान्यांची भुकटी वाऱ्याबरोबर शहरभर पसरते. टाकीत काही पडू नये म्हणून मंदाताई खिडक्यांना ओली कापडं लावून बसत. "तीस वर्षं मी त्याच्याकडे गेली, आता ते माह्याकडे येऊन राहिलं," असं म्हणत. आल्यागेल्याने सेंट लावला असेल तर त्याला ओसरीवरच चहा मिळे. उदबत्ती मागच्या खोलीत. मच्छरांची कॉइल तर आम्हालाही वरच्या मजल्यावर मना होती.

एका पावसाळ्यात डेंग्यूसाठी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, धूर मारणारे आले. धुराचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू येताच मंदाताईंनी टाकीवर ओल्या चादरी टाकल्या, फटींत वर्तमानपत्रं कोंबली आणि स्वतः दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. मी जिन्यावरून पाहत होतो. 

"भैया, इधर नहीं! मेरे घर में जान है!"

धूर मारणाऱ्याने तोंडावरचा रुमाल खाली केला. "दीदी, जान तो सबके घर में है. मच्छर सबको काटेगा."

पण त्याने यंत्र बंद केलं आणि पुढच्या घरापासून पुन्हा सुरू केलं. तो गेल्यावर मंदाताई पायरीवर बसल्या.  मग म्हणाल्या, "बरोबर बोलला तो. आपलं भेव मोठं झालं की दुसऱ्याचा जीव लहान दिसते." दुसऱ्या दिवशी त्या शेजारपाजारच्या घरांमागचं साचलेलं पाणी स्वतः बादलीने उपसून आल्या.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला, धाकट्या बहिणीकडे राहून. मे महिना. तेरा दिवस. टाकी कुणाकडे द्यायची हा प्रश्न त्यांनी महिनाभर चघळला. वैशाली तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती, वाकता येत नव्हतं. शेवटी माझ्यावर आलं. आठ दिवस त्यांनी मला शेजारी उभं करून शिकवलं. वही दाखवली. तारीख, आकडा, तापमान. "रोज फोटो काढून पाठवजो. अन् एक ध्यानात ठेव. तपासलं तं लिव. नाही जमलं तं रकाना रिकामा सोड, मले राग नाही येणार. रिकाम्या रकान्याचं भेव नाही वाटत मले."

चार दिवस मी सहाला उठलो. आठ, आठ, आठ, आठ. पाचव्या दिवशी उठायला उशीर झाला. खाली गेलो, टाकी पाहिली. पाणी स्वच्छ होतं, पंपाचा हिरवा दिवा लागलेला होता, पिवळा मासा काचेशी आला. मी वहीत आठ लिहिलं आणि फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "शाब्बास." सहाव्या दिवशी लिहिताना थोडं चुकल्यासारखं वाटलं. सातव्या दिवशी तेही वाटलं नाही. सबब सांगण्यासारखी एकही नाही. घरी कुणी आजारी नव्हतं, ऑफिसात आग लागली नव्हती. रोज आठ येत होते, तर आजही आठच येणार, एवढंच.

आठवा दिवस रविवार होता. अकराच्या सुमारास मी माशांना खायला टाकायला गेलो. बाहेर ऊन रणरणत होतं. टाकीसमोर उभा राहिलो आणि काहीतरी वेगळं आहे हे कळलं, पण काय ते कळेना. मग दिसलं. जांभळ्या फांद्यांची टोकं पांढरी झाली होती. एका फांदीवरची साल सुटून पाण्यात फडफडत होती, भाजलेल्या कातडीसारखी. खाली तिचं पांढरं हाड दिसत होतं.

मी नळी घेतली. पाणी दोनदा सांडलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या थेंबाला नळी पिवळी झाली. पुन्हा केलं. पुन्हा पाच. खाली वाकून पाहिलं, तर पंप चालू होता, पण त्याच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा जमला होता. दिवा हिरवा आणि थेंब एकही पडत नव्हता. कधीपासून, हे फक्त नळीने सांगितलं असतं. तिला मी तीन दिवस विचारलंच नव्हतं.

त्यानंतर जे केलं ते भीतीने केलं. कमी पडलं आहे ना, मग द्या. मी सोड्याची बाटली उचलली आणि अर्धी टाकीत ओतली.

क्षणभर काही झालं नाही. मग जिथे ओतलं तिथून पांढरा ढग उठला आणि बघता बघता पूर्ण टाकी ताकासारखी झाली. मागची भिंत दिसेना. मासे दिसेनात. मग त्या पांढऱ्यातून तो पिवळा मासा वर आला, तोंड पाण्याबाहेर काढून आ वासू लागला. मी ओरडलो असेन, कारण वैशाली जिन्याचा कठडा धरून खाली आली. तिने टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच फोन लावून स्पीकरवर टाकला.

"ताई, पाणी पांढरं झालं," ती म्हणाली.

 मग मंदाताईंचा आवाज, अगदी सपाट. "प्रशांतले दे. थेंब किती आले?"

"पाच," मी म्हणालो.

"काल किती होते?"

वही माझ्या समोर उघडी होती. "आठ."

"एका दिवसात आठाचे पाच होत नाही, बाबू. एका दिवसात ते एवढंच खाते, एक थेंब. काल किती होते?"

मी वैशालीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. 

"माहीत नाही," मी म्हणालो. "तीन दिवस मी तपासलंच नाही. तसंच लिहिलं. आणि आता घाबरून अर्धी बाटली ओतली."

मी शिव्यांची वाट पाहिली.  मग त्या म्हणाल्या, "अर्धी. बरं झालं सांगितलंस. आता सोडा टाकू नको, काहीच टाकू नको. हवेची मोटर हाय ना कपाटात, ती लाव. मासा वर येऊन राहिला म्हणजे त्याले हवा पाहिजे. अंगणात निळा ड्रम हाय खाऱ्या पाण्याचा. हात घालून पाह्य पाणी कसं हाय."

मी धावत गेलो. ड्रममधलं पाणी चहासारखं गरम होतं.

"गरम आहे, मंदाताई. खूप."

"तं तसं टाकू नको, शिजवशील सगळ्याइले. फ्रिजमधल्या बर्फाच्या बाटल्या बंदच ड्रममध्ये सोड. बर्फ पाण्यात फोडू नको, पाण्यातलं मीठ कमी होईन. टाकीएवढं थंड झालं की टाकीतलं एक बादली काढ, ड्रममधलं एक बादली टाक. मंग अर्धा तास थांब. मंग दुसरी."

"अर्धा तास? मासा मरेल तोवर."

"जे तीन दिवसांत बिघडलं ते तू तीन मिनिटांत सुधरवायले गेला, म्हणून हे झालं. अर्धा तास थांब."

त्या दुपारी दोनदा वीज गेली. पहिल्यांदा इन्व्हर्टरने सांभाळलं. दुसऱ्यांदा तो पी पी करू लागला आणि मी त्या पांढऱ्या टाकीसमोर हाताने पाणी उपसून उंचावरून सोडत बसलो, हवा मिळावी म्हणून. खांदे भरून आले. घाम पाण्यात पडेल याचीही भीती वाटत होती. संध्याकाळी ढग खाली बसू लागला. पिवळा मासा एका कोपऱ्यात आडवा पडला होता, पण त्याचे कल्ले हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली आणि मंदाताई उतरल्या. डोळ्यावर काळा चष्मा, चष्म्याखाली पट्टी. डॉक्टरांनी आठवडाभर प्रवास, धूळ, पाणी सगळं मना केलं होतं. बहिणीशी भांडून त्या सकाळच्या गाडीत बसल्या होत्या.

चप्पल काढून त्या सरळ टाकीपाशी गेल्या. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. काचेला नाक लावूनही त्यांना रंग ओळखता येत नव्हते. "नळी घे," त्या म्हणाल्या. "तू थेंब सोड. मी मोजते. रंग तू सांगजो."

"एक," त्या म्हणाल्या. "दोन." मी हलवत होतो. "सहा."

"पिवळं झालं वाटतं."

"वाटतं नको. पिवळं हाय का निळं?"

"मला... हिरवट दिसतंय. मंदाताई, मला भीती वाटते सांगायला."

त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचाही हात गार होता. "भेऊन सांगू नको. पाहून सांग. भेव नंतर."

मी नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. "निळं आहे. अजून निळं आहे."

"सात."

"पिवळं."

"सात लिव," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही बादल्या बदलत होतो. बादल्या मी उचलत होतो, पण मेलेल्या फांद्या त्यांनी स्वतः चाचपून काढल्या. जिवंत बुळबुळीत लागते, मेलेलं खरखरीत, असं म्हणाल्या. एकेक तुकडा परातीत ठेवताना त्या जरा थांबत. एकदा ओल्या हाताची पाठ त्यांनी चष्म्याखाली घातली आणि डोळ्याशी पुसलं. मला ते दिसलं. मी बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार होतो?

त्या बादल्यांच्या मधल्या अर्ध्या अर्ध्या तासांत त्यांनी मला बिसाहूची गोष्ट सांगितली.

कारखान्यात लागून त्यांना तीनच वर्षं झाली होती. बॉयलरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते रोज तपासायचे. ते निरंक यायला हवेत, नाहीतर आतल्या नळ्यांवर थर बसतो आणि नळी तापून फुटते. रोज निरंक येत असे. त्या वर्षी निखिल तान्हा होता, रात्री जागायचा. "आठ-दहा दिवस मी नुसतं निरंक लिहीत गेली. पाणी पाहिलंच नाही. मंग पुन्हा तपासायले लागली, तं निरंकच आलं. म्हटलं सुटली. अन् महिन्यानं नळी फुटली."

वाफ अंगावर आली ती बिसाहूच्या. बॉयलरवरचा कामगार, भनपुरीकडे राहणारा, वय पंचवीस. दोन्ही हात आणि मान भाजली. तो जगला, पण पुन्हा कामावर आला नाही. चौकशीत नळी जुनी होती असं निघालं. मंदाताईंना कुणी काही विचारलं नाही.

"त्या दहा दिवसांत क्षार गेले का नाही गेले, कोणाले माहीत? माह्या आकड्यानं झालं का जुन्या नळीनं, ते कधीच समजणार नाही. तपासलं असतं तं समजलं असतं. म्हणून हे भेव. मरण्याचं नाही, न समजण्याचं."

"तुम्ही सांगितलंत कुणाला?"

"तुले सांगून राहिली ना," त्या म्हणाल्या. "आता बादली काढ. अर्धा तास झाला."

टाकीतलं निम्मं गेलं. जांभळ्या फांद्या सगळ्या गेल्या. पिवळा मासा तिसऱ्या दिवशी खाऊ लागला आणि मंदाताईंनी त्या दिवशी गोड शिरा केला. मला वाटलं, निभावलं.

पण आठवड्याभरात त्यांचा उजवा डोळा लाल झाला आणि दुखू लागला. मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो, मग नागपूरच्या गाडीत बसवून बरोबर गेलो. पंधरा दिवस औषधं, सुया. डोळा राहिला, दृष्टी गेली. डॉक्टर म्हणाले, आत जंतुसंसर्ग झाला. असं कधी कधी घरी स्वस्थ पडून राहणाऱ्यालाही होतं, कशाने झालं ते खात्रीने सांगता येणार नाही.

घरी सगळ्यांनी मला समजावलं. वैशाली म्हणाली, तुझा काय दोष. निखिल पुण्याहून आला होता, रायपुरात वाढलेला तोही हिंदीतच म्हणाला, "भैया, आप मत सोचो, आई किसी की सुनती है क्या?" मी हो हो म्हणत राहिलो. रात्रंदिवस मला तो ओला हात चष्म्याखाली जाताना दिसे.

मंदाताई काहीच बोलल्या नाहीत. नागपूरहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी जिन्याखालून हाक मारली, "प्रशांत, ये. नळी धर." त्या दिवसापासून रंग पाहायचं काम माझं झालं. त्या मोजत, मी रंग सांगे. पहिले काही महिने नळी हातात घेताना मला घाम फुटे. आमची सई झाली, रांगू लागली, टाकीच्या काचेवर तळवे आपटू लागली. दगडावर एक नखाएवढा जांभळा ठिपका उगवला, त्याची फांदी झाली. निखिलने कितीदा पुण्याला बोलावलं, त्या गेल्या नाहीत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र त्यांनी कधीच करू दिलं नाही. "आता ह्या डोळ्याचं भेव वाटते," एवढंच म्हणाल्या. आणि गेलेल्या डोळ्याबद्दलचा प्रश्न मी दोन वर्षं विचारला नाही.

गेल्या थंडीत त्यांच्या पायांवर सूज आली. हृदय थकलं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. पुढच्या खोलीत, टाकीसमोरच त्यांची खाट टाकली होती. एका दुपारी वैशाली सईला घेऊन बाहेर गेली होती. मी त्यांना औषध दिलं आणि खाटेजवळ खाली बसलो. न बसता, उभ्याने विचारणं मला जमलं नसतं.

"मंदाताई, तुमचा डोळा माझ्यामुळे गेला का?"

 त्यांनी टाकीकडे मान वळवली.

"बिसाहूकडे मी गेली होती," त्या म्हणाल्या. "ते तुले सांगितलं नव्हतं. पाच वर्षांनी गेली, हिंमत करून. गावी शेतावर होता. हात पाहिले त्याचे. म्हटलं, बिसाहू, दहा दिवस मी पाणी तपासलं नव्हतं, माह्यानं झालं असंल. तं तो पटकन हसला. म्हणे, 'नइ मैडम, तुंहर का गलती? मोर किस्मत रिहिस.' तुमची काय चूक, माहं नशीब, असं म्हणे. चहा पाजला मले. अन् मी घरी आली ते आणखी भेव घेऊन आली. त्याले काय माहीत होतं? त्यानं मले बरं वाटावं म्हणून 'नाही' म्हटलं. त्या 'नाही'वर मले कधी झोप नाही लागली."

त्यांचा श्वास लागला होता. मी त्यांना थांबा म्हणालो. त्यांनी हाताने मला गप्प केलं.

"म्हणून तुले मी 'नाही' म्हणत नाही. झालं असंल तुह्यामुळे. नसंल बी. गाडीतल्या धुळीनं असंल. माह्या अडाणीपणानं असंल, हात मीच घातला. मले माहीत नाही, बाबू. जे माहीत नाही ते मी सांगू शकत नाही."

माझ्या डोळ्यांना धार लागली. आश्चर्य असं की गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं होतं. इतक्या लोकांनी मला निर्दोष ठरवलं होतं, त्यातल्या कुणावरही माझा विश्वास बसला नव्हता. यांच्यावर बसला.

"पण एक माहीत हाय," त्या म्हणाल्या. "मी पाच वर्षांनी सांगितलं. तू त्याच घडीला, फोनवर, बायकोसमोर सांगितलं. तू खोटं धरून ठेवलं असतं, बाटलीचं लपवलं असतं, तं मी म्हटलं असतं, आणखी सोडा टाक. सगळं मेलं असतं. तू सांगितलं म्हणून अर्धं वाचलं. हे मी मोजून सांगून राहिली."

त्यानंतर नऊ दिवसांनी त्या गेल्या. पण आमचं हे बोलणं झालं त्या दुपारी मी खाटेजवळून उठलो तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. मी त्यांच्या पायावरची शाल सारखी केली आणि तिथेच उभा राहून त्यांचा श्वास मोजत राहिलो, वैशाली परत येईपर्यंत.